दोन न्याय: बीडच्या मृतांची फिर्याद कोणी नोंदवायची?

दरवर्षी १७ सप्टेंबर रोजी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो. बीड, अंबाजोगाई, गेवराई, माजलगाव, आष्टी अशा सर्व ठिकाणी ध्वजवंदन होते, स्वातंत्र्यसैनिकांच्या कुटुंबीयांचा गौरव होतो आणि स्वामी रामानंद तीर्थ यांच्या प्रतिमेस पुष्पहार अर्पण केला जातो. बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईत, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादेत, स्वामीजींनी शिक्षक म्हणून काम केले आणि पुढे हैदराबाद स्टेट काँग्रेसचे नेतृत्व केले. निजामाच्या अनियंत्रित राजवटीतून सुटका झाल्याचा जिल्ह्याचा आनंद रास्त आहे. तो साजरा व्हायलाच हवा.

परंतु १९४८ च्या त्याच सप्टेंबर महिन्याची दुसरीही एक आठवण या जिल्ह्यात आहे. ती घराघरांत हलक्या आवाजात सांगितली गेली. व्यासपीठावर तिचा उच्चार क्वचितच झाला. ती आठवण आहे राजवट कोसळल्यानंतरच्या काही आठवड्यांत मारल्या गेलेल्या निःशस्त्र मुस्लीम नागरिकांची.

युद्धगुन्ह्यांचा आरोप असलेल्या शासकांच्या व सेनाधिकाऱ्यांच्या बातम्या अलीकडे वारंवार येतात. हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने सुदानचे तत्कालीन अध्यक्ष ओमर अल बशीर यांच्याविरुद्ध २००९ मध्ये, रशियाचे अध्यक्ष व्लादिमिर पुतीन यांच्याविरुद्ध मार्च २०२३ मध्ये, तर इस्रायलचे पंतप्रधान बेंजामिन नेतान्याहू यांच्याविरुद्ध नोव्हेंबर २०२४ मध्ये अटकेचे आदेश काढले. या बातम्या वाचताना आपल्याला वाटते की, हे सारे दूरच्या देशांचे प्रश्न आहेत. प्रत्यक्षात सत्तेच्या खुर्चीवरील माणसाने निरपराध नागरिकांच्या हत्येबद्दल कोणाला उत्तर द्यायचे, हा प्रश्न मराठवाड्याच्या मातीत ७५ वर्षांपूर्वीच उभा राहिला होता. त्याचे उत्तर अर्धेच दिले गेले. ते अर्धे उत्तर कोणते आणि राहिलेले अर्धे कोणते, हे समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे.

रझाकारी आणि सरकारी खुर्ची

१९४८ मध्ये हैदराबाद संस्थानात १६ जिल्हे होते. त्यांपैकी औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी आणि उस्मानाबाद हे पाच मराठी भाषक जिल्हे. गावात पोलीस अमीन, तालुक्याला तहसीलदार, जिल्ह्याला अव्वल तालुकदार म्हणजेच कलेक्टर आणि अनेक जिल्ह्यांच्या सुभ्यावर सुभेदार, अशी अधिकाराची उतरंड होती. सुभेदार म्हणजे आजच्या विभागीय आयुक्तासारखा वरिष्ठ महसूल अधिकारी. सामान्य शेतकऱ्याच्या दृष्टीने सरकार म्हणजे हीच माणसे.

या उतरंडीच्या बाहेर, पण तिच्या आश्रयाने, रझाकार वाढले. लातूरचे वकील कासीम रझवी यांच्या नेतृत्वाखालील ही सशस्त्र संघटना होती. तिला कायद्याने कोणताही अधिकार नव्हता. तरी ती गावांकडून खंडणी वसूल करी, घरे जाळी, माणसे मारी. बीदर जिल्ह्यातील गोरटा, तेलंगणातील परकाल व भैरनपल्ली ही गावे या हत्याकांडांमुळे इतिहासात नोंदली गेली. रझाकारांचा विरोध करणाऱ्या मुसलमानालाही क्षमा नव्हती. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबाद शहरात हत्या झाली. संस्थान भारतात विलीन व्हावे, असे त्यांनी लिहिले होते. सीमेपलीकडच्या मुंबई प्रांतात स्टेट काँग्रेसच्या छावण्या होत्या. तेथून निजामी नाक्यांवर व चौक्यांवर हल्ले होत, आणि त्याचा सूड पुन्हा सीमेलगतच्या गावांवर उगवला जाई.

या सर्व काळात सरकारी अधिकारी काय करीत होते? काही जण रझाकारांना सामील होते. काहींनी डोळेझाक केली. काहींनी आपल्या परीने कायदा राखण्याची धडपड केली, पण वरून त्यांना पाठबळ मिळाले नाही. बीडच्या शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्याचे त्या वर्षीचे कलेक्टर महंमद हैदर यांना पोलीस कारवाईनंतर तुरुंगवास भोगावा लागला. त्यांनी लिहिलेल्या आठवणी त्यांच्या पश्चात २०१२ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. एकीकडे सीमेवरील हल्ले आणि दुसरीकडे रझाकारांचा दबाव यांत सापडलेल्या जिल्हाधिकाऱ्याची बाजू त्यांत आहे. तिच्याशी सहमत व्हावे किंवा न व्हावे, पण एका खुर्चीवरून ते दिवस कसे दिसत होते, हे समजण्यासाठी ती वाचावी अशी आहे.

एका सुभेदाराचा खटला

संस्थानाच्या पराभवानंतर खटले भरण्यासाठी विशेष न्यायाधिकरणे नेमण्यात आली. त्यांतील एक खटला आजही कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवला जातो. तो आहे वरंगळचे माजी सुभेदार हबीब महंमद यांचा.

त्यांच्यावरील आरोप अत्यंत गंभीर होता. डिसेंबर १९४७ मध्ये गुरतूर या गावी पोलीस व लष्कराची तुकडी गेली, गोळीबार झाला, माणसे ठार झाली आणि घरे पेटवण्यात आली. हे सारे सुभेदाराच्या उपस्थितीत व त्याच्या आज्ञेवरून घडले, असे सरकारी पक्षाचे म्हणणे होते. विशेष न्यायाधीशाने त्यांना १९५० मध्ये दोषी ठरवून देहान्ताची शिक्षा दिली. उच्च न्यायालयातही ती कायम राहिली आणि प्रकरण नव्या प्रजासत्ताकाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आले.

हे न्यायालय तेव्हा अवघे तीन वर्षांचे होते. आरोपी हा पराभूत राजवटीचा बडा अधिकारी होता. त्याच्याविषयी लोकांत सहानुभूती असण्याचे काही कारण नव्हते. तरीही १९५३ मध्ये न्यायालयाने त्याचे म्हणणे दोनदा ऐकले. प्रथम विशेष न्यायाधिकरणाच्या घटनात्मकतेवरील आक्षेप ऐकले व ते फेटाळले. नंतर पुरावा तपासला. त्यात एक मोठी उणीव आढळली. घटनेच्या वेळी सुभेदाराबरोबर असलेला एक वरिष्ठ पोलीस अधिकारी हा सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार होता. सरकारी पक्षाने त्याला साक्षीसाठी उभेच केले नव्हते. ज्याच्या साक्षीने सत्य उजेडात आले असते त्यालाच दूर ठेवले, तर ती साक्ष सरकारी पक्षाला प्रतिकूल ठरली असती असे अनुमान काढता येते, हे तत्त्व न्यायालयाने लागू केले. आरोपीला बचावाची पुरेशी संधी मिळाली नाही, याचीही दखल घेतली. ऑक्टोबर १९५३ मध्ये शिक्षा रद्द झाली आणि सुभेदार फासावर जाण्यापासून वाचला.

त्याच वर्षी कासीम रझवी यांचे अपीलही सर्वोच्च न्यायालयापुढे आले होते. तेथे मात्र बहुमताने शिक्षा कायम राहिली. खंडपीठात एकमत नव्हते. विशेष न्यायाधिकरणाच्या कार्यपद्धतीने समानतेच्या हक्काला बाध आला, असे काही न्यायमूर्तींनी स्पष्टपणे लिहिले. रझवी १९५७ मध्ये सुटले व पाकिस्तानात गेले.

गुरतूरच्या मृतांच्या नातेवाइकांना त्या निकालाने काय वाटले असेल, याचा विचार मनाला चटका लावतो. त्यांची माणसे गेली, घरे गेली आणि कोणालाही शिक्षा झाली नाही. तरीही तो निकाल भारतीय न्यायव्यवस्थेचा मान वाढवणारा आहे. आरोप कितीही भयंकर असो, आरोपी कितीही अप्रिय असो, पुराव्यावाचून कोणाचाही जीव घ्यायचा नाही, हे तत्त्व तेथे पाळले गेले. युद्धगुन्ह्याचा आरोप असलेल्या अधिकाऱ्याला न्यायालयात उभे करणे आणि त्याला पूर्ण बचाव देणे या दोन गोष्टी एकत्र शक्य आहेत, हे हैदराबादच्या उदाहरणावरून दिसते.

अठरा सप्टेंबरनंतर

आता दुसरी बाजू पाहू. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरच्या बाजूने व इतर दिशांनी संस्थानात शिरले. पहिल्याच दिवशी नळदुर्ग हाती आले. १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली आणि १८ तारखेला मेजर जनरल जे. एन. चौधरी यांनी निजामी सैन्याची शरणागती स्वीकारली. चौधरी लष्करी गव्हर्नर झाले. मुलकी कारभारासाठी शेजारच्या प्रांतांतून अधिकारी पाठवण्यात आले.

सैन्य पुढे गेले आणि मागे राहिलेल्या खेड्यांत एक पोकळी निर्माण झाली. जुने पोलीस निःशस्त्र झाले होते किंवा पळाले होते. नवे अजून पोहोचले नव्हते. या पोकळीत वर्षभराचा सूड उफाळून आला. ज्यांच्यावर तो उगवला, त्यांतील बहुसंख्य लोक रझाकार नव्हते. ते कोष्टी, कारागीर, शेतमजूर, लहान दुकानदार, आणि त्यांच्या बायकामुले होती.

बातम्या दिल्लीपर्यंत पोहोचल्यावर पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या इच्छेवरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी हे तिघे हैदराबादेत आले. २९ नोव्हेंबर १९४८ पासून सुमारे तीन आठवडे ते संस्थानात फिरले. अनेक शहरे व खेडी त्यांनी पाहिली आणि जेथे जाता आले नाही अशा शंभरहून अधिक गावांतील लोकांचे म्हणणेही ऐकून घेतले.

त्यांच्या अहवालातील आकडे असे आहेत. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत पोलीस कारवाईच्या काळात व त्यानंतर मारल्या गेलेल्यांची संख्या १८,००० पेक्षा कमी नसावी. औरंगाबाद, बीड, नलगोंडा आणि मेदक या चार जिल्ह्यांत किमान ५,००० माणसे गेली. संपूर्ण संस्थानात, अगदी सावधपणे धरले तरी, २७,००० ते ४०,००० लोक प्राणास मुकले. बीडच्या सीमेला लागून असलेल्या आणि तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात मोडणाऱ्या लातूर शहरात हत्या वीस दिवसांहून अधिक काळ चालल्या. तेथील सुमारे दहा हजार मुस्लीम वस्तीपैकी समितीला जेमतेम तीन हजार लोक आढळले. हजारावर मारले गेले होते आणि उरलेले परागंदा झाले होते.

अहवालातील सर्वांत जड विधान आकड्यांचे नाही. काही ठिकाणी सैन्यातील व पोलिसांतील माणसांनी लुटीला व हत्येला उत्तेजन दिले, तर काही ठिकाणी सशस्त्र दलातील माणसांनीच प्रौढ मुसलमान पुरुषांना गावाबाहेर नेऊन ठार केले, असे समितीने नमूद केले. त्याचबरोबर अनेक सेनाधिकाऱ्यांनी शिस्त राखली व नागरिकांचे रक्षण केले, हेही लिहिले. आपला जीव धोक्यात घालून मुस्लीम शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदू कुटुंबांची नोंदही या अहवालात आहे. रझाकारांच्या अत्याचारांचाही त्यात उल्लेख आहे.

नावात काय आहे?

या साऱ्या घटनांना 'युद्धगुन्हा' म्हणता येईल का? यासाठी प्रथम त्या मोहिमेचे नाव पाहावे लागते. सरकारने तिला 'पोलीस कारवाई' म्हटले. मराठवाड्यात आजही जुनी माणसे 'पोलीस ॲक्शन' असाच उल्लेख करतात. या नावाला राजकीय कारण होते. निजामाने आपली तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे नेली होती. हा भारताचा अंतर्गत प्रश्न आहे, अशी भारताची भूमिका होती. युद्ध म्हटले असते तर दुसरे राष्ट्र मान्य केल्यासारखे झाले असते. म्हणून सैन्य, रणगाडे व विमाने असूनही ती 'पोलीस कारवाई' राहिली.

देशाच्या ऐक्याच्या दृष्टीने ही भूमिका समजण्यासारखी आहे. परंतु त्या नावाचा एक परिणाम सामान्य नागरिकांवर झाला. युद्ध नाही, म्हणून युद्धाचे नियमही नाहीत, अशी स्थिती निर्माण झाली. त्या काळी कायद्यातही ही त्रुटी होती. देशांतर्गत सशस्त्र संघर्षात नागरिकांना किमान संरक्षण देणारे कलम जिनिव्हा करारांत आले, पण हे करार १२ ऑगस्ट १९४९ रोजी झाले. म्हणजे बीडमधील घटनांनंतर सुमारे अकरा महिन्यांनी. भारताने ते करार १९५० मध्ये मान्य केले आणि १९६० मध्ये त्यासाठी कायदा केला.

येथे एक योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. सुंदरलाल समिती मराठवाड्यातील व कर्नाटकातील खेड्यांत मृतांची मोजदाद करीत होती, त्याच दिवसांत, ९ डिसेंबर १९४८ रोजी, पॅरिस येथे संयुक्त राष्ट्रांनी वंशसंहारविरोधी करार मंजूर केला आणि दुसऱ्या दिवशी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. भारताने त्या दोहोंना पाठिंबा दिला होता. जगासाठी मान्य केलेले तत्त्व आपल्या घरी लागू करण्याची संधी त्याच वेळी आपल्यापुढे होती.

आज्ञा, सहभाग आणि मौन

अधिकाऱ्याची जबाबदारी तीन प्रकारची असते. तो हत्येची आज्ञा देतो, स्वतः तीत भाग घेतो, किंवा रोखण्याचा अधिकार हाती असूनही स्वस्थ बसतो. पहिल्या दोन प्रकारांबद्दल कोणाच्याही मनात शंका नसते. वाद होतो तो तिसऱ्या प्रकाराबद्दल.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी सेनापती यामाशिता यांना फिलिपाइन्समधील नागरिकांच्या हत्येबद्दल फाशी झाली. त्यांनी आज्ञा दिली, असे सिद्ध झाले नव्हते. आपल्या सैनिकांना त्यांनी आवरले नाही, हा त्यांचा दोष मानला गेला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातील दोन न्यायमूर्तींनी १९४६ मध्येच या खटल्याच्या पद्धतीवर कठोर टीका केली होती. पराभूताला लावलेली मोजपट्टी विजेता स्वतःला लावील काय, हा त्यामागचा रोख होता. पुढे हे तत्त्व अधिक काटेकोर झाले. गुन्हे घडत आहेत हे अधिकाऱ्याला ठाऊक होते किंवा असायला हवे होते, आणि ते थांबवण्याची शक्ती असून त्याने काही केले नाही, हे सिद्ध करावे लागते.

रवांडातील टाबा या तालुक्याएवढ्या भागाचे प्रमुख ज्याँ पॉल अकायेसू यांचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे वाटेल. १९९४ मधील वंशसंहाराच्या आरंभीच्या दिवसांत त्यांनी हिंसेला विरोध केला. पुढे वरिष्ठांचा कल पाहून ते बदलले. त्यांच्या क्षेत्रात किमान दोन हजार तुत्सी मारले गेले. २ सप्टेंबर १९९८ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने त्यांना दोषी ठरवले. ते देशाचे अध्यक्ष नव्हते, सेनापती नव्हते. ज्या पातळीवर आपल्याकडे तहसीलदार असतो, जवळजवळ त्या पातळीवरचे ते अधिकारी होते.

हीच कसोटी १९४८ च्या बीडला लावली तर दोन प्रश्न विचारावे लागतात. १७ सप्टेंबरपूर्वी रझाकारांना मोकळे रान देणारा अधिकारी कोण होता? आणि १८ सप्टेंबरनंतर खेड्यांतील हत्या रोखण्याचा अधिकार कोणाच्या हाती होता व त्याने तो वापरला का? पहिल्या प्रश्नासाठी न्यायाधिकरणे बसली, आरोपपत्रे दाखल झाली, अपिले झाली. दुसऱ्या प्रश्नासाठी न्यायालयीन चौकशी आयोगही नेमला गेला नाही. सुंदरलाल समितीचा अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. कित्येक दशके तो सामान्य नागरिकाला वाचायला मिळत नव्हता. संपूर्ण अहवाल अभ्यासकांच्या पुस्तकांतून लोकांपुढे येण्यास २१ वे शतक उजाडावे लागले.

आक्षेप आणि त्यांचे मोल

या अहवालावर आक्षेप घेतले गेले आणि ते प्रामाणिकपणे मांडले पाहिजेत. गृहमंत्री सरदार वल्लभभाई पटेल यांना तो मान्य नव्हता. रझाकारांच्या अत्याचारांना त्यात पुरेसे स्थान मिळालेले नाही आणि चित्र एकतर्फी झाले आहे, असे त्यांचे मत होते. समितीला न्यायालयाचे अधिकार नव्हते. तिने शपथेवर साक्षी घेतल्या नाहीत. तीन आठवड्यांत एवढ्या मोठ्या प्रदेशातील मृतांचा अचूक आकडा मिळणे शक्यही नव्हते. तो अंदाज आहे, हे समितीनेच सांगितले होते.

हे आक्षेप मान्य केले, तरी त्यांतून निष्कर्ष कोणता निघतो? अहवाल म्हणजे दोषसिद्धी नव्हे, एवढाच. वरंगळच्या सुभेदाराविरुद्ध जो आरोप होता, तोही आरंभी केवळ आरोपच होता. म्हणून त्याची चौकशी झाली, पुरावा मागितला गेला, आणि तो अपुरा ठरल्यावर त्याला सोडण्यात आले. बीड, लातूर व उस्मानाबादच्या बाबतीत हा पहिला टप्पाच आला नाही. पुरावा अपुरा आहे असे म्हणायचे असेल, तर तो आधी गोळा करावा लागतो. आकडा फुगवलेला आहे असे म्हणायचे असेल, तर खरा आकडा शोधावा लागतो.

'त्यांनी आधी केले' हा युक्तिवाद आजही चर्चेत ऐकू येतो. गोरट्याच्या मृतांबद्दल न्याय मागणाऱ्याने लातूरच्या मृतांबद्दल गप्प का राहावे, याचे उत्तर या युक्तिवादात नाही. मारला गेलेला कोष्टी रझाकाराच्या पापाचे उत्तर देण्यास बांधलेला नव्हता. शोएबुल्ला खान यांच्यासारखे मुसलमान तर रझाकारांविरुद्ध उभे राहूनच मेले होते.

चर्चची शिकवण आणि चर्चचे अपयश

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये 'आधुनिक जगातील चर्च' या दस्तऐवजात या प्रश्नावर स्पष्ट भूमिका घेतली. जी आज्ञा मानवी जीवनाच्या मूलभूत नियमाविरुद्ध आहे, तिचे आंधळेपणाने पालन केल्याने कोणी दोषमुक्त होत नाही आणि अशी आज्ञा उघडपणे नाकारणारे धैर्यवान लोक गौरवास पात्र आहेत, असा तिचा आशय आहे. सरकारी नोकरीत, पोलीस दलात व सैन्यात असलेल्या आपल्या बंधुभगिनींना ही शिकवण प्रत्यक्ष लागू पडते.

तथापि इतरांना उपदेश करण्यापूर्वी आपलाही इतिहास पाहावा लागतो. रवांडातील न्यांगे येथील धर्मग्रामाचे धर्मगुरू आथानाज सेरोम्बा यांनी १९९४ मध्ये चर्चमध्ये आश्रयास आलेल्या सुमारे १,५०० लोकांवर बुलडोझरने इमारत पाडण्यास साहाय्य केले, असे सिद्ध झाले. २००८ मध्ये त्यांची शिक्षा वाढवून जन्मठेप करण्यात आली. मार्च २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी रवांडातील चर्चच्या व तिच्या सभासदांच्या अपराधांबद्दल देवाकडे क्षमायाचना केली. तेथील बळी पडलेल्यांना ती २३ वर्षांनी ऐकायला मिळाली. उशीर झाला, पण उच्चार झाला. बीडच्या मृतांसाठी तेवढाही उच्चार अजून कोणत्याही सरकारने केलेला नाही.

आजचा कायदा काय सांगतो?

हा प्रश्न केवळ इतिहासाचा राहिला असता, तर तो अभ्यासकांवर सोपवता आला असता. पण आजचा कायदा पाहिला तर तीच उणीव दिसते. भारत आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा सदस्य नाही. १९८४ च्या शीखविरोधी हत्याकांडातील एका खटल्याचा निकाल देताना दिल्ली उच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०१८ रोजी म्हटले की, मानवतेविरुद्धचे गुन्हे व वंशसंहार यांना आपल्या फौजदारी कायद्यात स्थान नाही आणि ही त्रुटी तातडीने दूर व्हायला हवी. त्यानंतर २०२३ मध्ये भारतीय न्याय संहिता हा नवा कायदा झाला आणि तो १ जुलै २०२४ पासून अमलात आला. त्यातही या गुन्ह्यांचा समावेश करण्यात आलेला नाही.

शिवाय कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल वरिष्ठ लोकसेवकावर खटला चालवायचा असेल, तर सरकारची पूर्वसंमती लागते. प्रामाणिक अधिकाऱ्याला खोट्या तक्रारींपासून संरक्षण मिळावे, हा त्यामागील हेतू योग्य आहे. पण जेथे सरकारच संशयाच्या घेऱ्यात असते, तेथे संमती देणार कोण? नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ मध्ये एक चांगली सुधारणा झाली आहे. सरकारने १२० दिवसांत निर्णय घेतला नाही, तर संमती दिली असे मानले जाईल. नकार मात्र अजूनही देता येतो.

मराठवाड्यासाठी काय करता येईल?

१९४८ मध्ये आठ-दहा वर्षांचे असलेले आता ८५ च्या पुढे आहेत. गुन्हेगारांपैकी बहुधा कोणीही हयात नाही. आता कोणाला शिक्षा करण्याचा प्रश्न उरलेला नाही. नोंद करण्याचा प्रश्न उरला आहे, आणि त्यासाठी फार थोडा अवधी हाती आहे. बीड, आष्टी, पाटोदा, केज, अंबाजोगाई या भागांतील वृद्धांकडे, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, या आठवणी आहेत. रझाकारांनी जाळलेल्या घराची आठवण आहे, तशीच धान्याच्या कणगीत लपवून वाचवलेल्या शेजाऱ्याचीही असू शकते. महाविद्यालयांतील इतिहास विभाग, ग्रंथालये आणि आपली धर्मग्रामे यांनी त्या ऐकून लिहून ठेवल्या पाहिजेत. शासनाने सुंदरलाल समितीचा अहवाल अधिकृतपणे मराठीत प्रसिद्ध करावा, ही मागणीही वाजवी आहे.

मुक्तिसंग्राम दिनाच्या समारंभात हुतात्म्यांना वंदन करताना रझाकारांच्या बळींबरोबर त्या सप्टेंबर-ऑक्टोबरमधील निरपराध मुस्लीम नागरिकांचेही स्मरण करावे. त्यामुळे स्वामीजींच्या कार्याला उणेपणा येणार नाही. जबाबदार राज्यपद्धती ही त्यांची मागणी होती, आणि जबाबदार राज्य म्हणजे आपल्या हातून वा आपल्या दुर्लक्षामुळे मेलेल्या माणसांचा हिशेब देणारे राज्य. नव्या भारताच्या न्यायालयाने पराभूत राजवटीच्या सुभेदाराला त्याचा हिशेब मांडण्याची पूर्ण संधी दिली होती. बीड जिल्ह्यातील ज्या मृतांची नावेही कोठे नोंदली गेली नाहीत, त्यांची निदान एक यादी तयार व्हावी. गावोगावचे जाणते लोक अजून आहेत, तोवर हे काम हाती घेता येईल.